मालधक्क्यावरचं बंदर

पाऊस तोंडावर आला की आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात चावडीवर, डेअरीत, कृषी सेवा केंद्राच्या कट्ट्यावर एकच प्रश्न फिरत असतो, "रेक लागला काय?" कशाचा रेक, कुठं लागला, हे कुणी कुणाला विचारत नाही. रेक म्हणजे खताची अख्खी मालगाडी, युरियाचा नाहीतर डीएपीचा, आणि तो लागणार मार्केट यार्डाजवळच्या रेल्वेच्या मालधक्क्याला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ज्यानं मालगाडी कधी जवळून पाहिलेली नाही असा शेतकरीही हा शब्द घरातल्या शब्दासारखा बोलून जातो.

मला या वाक्यातले दोन्ही शब्द फार आवडतात. 'रेक' आणि 'लागणं'. रेक हा विलायतेतल्या खाणींतून आलेला शब्द. उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या भागात कोळशाची डबडी एकामागून एक जोडून खाणीतून बाहेर ओढत, त्या माळेला रेक म्हणत. त्याच्या मुळाशी वाट, माग, ओळ असा अर्थ आहे. बागेत पालापाचोळा ओढायच्या दाताळ्यालाही इंग्रजीत रेकच म्हणतात, पण त्याचं कूळ वेगळं. अमेरिकेत हा शब्द रुजला नाही. भारतात मात्र इंग्रजांच्या रेल्वेबरोबर तो आला आणि इतका पक्का बसला, की आज शिरोळ तालुक्यातला ऊसकरी त्यावर आपला लागवडीचा हिशोब मांडतो.

आणि तो रेक 'लागतो'. येत नाही, पोहोचत नाही, लागतो. मराठीत अशी धक्क्याला लागते ती होडी. गलबत लागतं, मचवा लागतो, नाव किनाऱ्याला लागते. कोल्हापूरपासून समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे, घाट उतरून गेल्यावर. तरी आमच्याकडे मालगाडी होडीसारखी लागते, आणि लागते ती 'मालधक्क्या'ला. भाऊचा धक्का म्हणतो तोच हा धक्का. एकदा हे ध्यानात आलं आणि मग मालगाडीच्या बोलीत जिकडे पाहावं तिकडे मला समुद्र दिसायला लागला.

आगगाडी आली तेव्हा जगात अवजड माल लांबवर नेण्याचा जुना, मुरलेला धंदा एकच होता, जहाजांचा. भाडं कसं ठरवायचं, नुकसान कुणाच्या माथी, माल वेळेत उचलला नाही तर काय, याचे कायदे आणि शब्द बंदरांवर शेकडो वर्षं घासून तयार झालेले होते. रेल्वेनं ते उचलले. अमेरिकन लोक मालगाडीला ज्या शब्दानं ओळखतात तो 'फ्रेट' मुळात डच-जर्मन किनाऱ्यावरचा. जहाज भाड्यानं घेणं आणि त्या भाड्याची रक्कम, असा त्याचा अर्थ. त्यांच्या मालगाडीच्या शेवटी जो छोटा डबा असायचा, ज्यात गार्ड आणि ब्रेकवाले राहायचे, त्याचं नाव 'कबूस'. तोही डच शब्द. जहाजाच्या डेकवरची स्वयंपाकाची खोपटी म्हणजे कबूस. उघड्या, कठडेवाल्या वाघिणीला ते 'गोंडोला' म्हणतात, कारण त्यांच्या नद्यांतून माल वाहणाऱ्या सपाट बुडाच्या होड्यांचं हेच नाव होतं. आणि सगळीकडे चालणारा 'टन' म्हणजे दारूचं पिंप. जहाजात अशी किती पिंपं मावतात यावर त्याची ताकद मोजत. आज खताच्या वाघिणीवर टनांचा आकडा पांढऱ्या रंगात लिहिलेला दिसतो, तो त्या पिंपाचा वंशज.

आपल्याकडेही तेच झालं. रेल्वेच्या वर्कशॉपात आणि पुलांच्या कामावर 'खलाशी' नावाची नेमणूक असायची. माणूस मिरजेचा, बेळगावचा, सोलापूरचा. समुद्राशी त्याचा संबंध नाही. पण दोर बांधणं, अवजड वस्तू उचलणं, कप्पी लावणं ही कामं पहिल्यांदा ज्यांना येत होती ते जहाजावरचे लोक होते. काम ज्यांच्या हाताला ठाऊक, त्यांचंच नाव कामाला पडलं.

मला वाटतं, मालवाहतुकीच्या भाषेचं हे सगळ्यात मोठं वैशिष्ट्य आहे. ती कुणी खुर्चीत बसून घडवलेली नाही. प्रवासी गाड्यांची नावं दिल्लीत ठरतात, स्थानकांची मुंबईत नाहीतर दिल्लीत. मालगाडीचे शब्द मात्र ओझं उचलणाऱ्यांनी, ओढणाऱ्यांनी आणि खोळंबून राहणाऱ्यांनी दिलेले आहेत. 'हमाल' हा शब्दच पाहा. अरबीत ह-म-ल म्हणजे वाहणं. 'माल' हाही अरबीच, धन, मालमत्ता. 'बारदान' फारसी; बार म्हणजे ओझं आणि दान म्हणजे ठेवायची जागा. त्या 'बार'चं आणि आपल्या 'भार'चं रक्ताचं नातं आहे. 'माथाडी' मात्र अस्सल इथला, माथ्यावर वाहणारा. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ साली माथाडी कायदा झाला तेव्हा हा रस्त्यावरचा शब्द सरकारी कायद्याच्या मथळ्यात जाऊन बसला. फार थोड्या शब्दांच्या वाट्याला असा मान येतो.

आता वाघीण. हा मराठीनं मालगाडीला दिलेला सगळ्यात देखणा शब्द, आणि त्यावर मला थोडं रेंगाळायचं आहे.

माझे वडील शाहूपुरीत एका गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. त्यांच्या तोंडी हा शब्द रोजचा. "आज दोन वाघिणी भरायच्यात", "वाघीण मिळाली नाही, माल पडून राहिला", "गुजरातची वाघीण सुटली". लहानपणी मला खरोखरचा प्राणी दिसायचा आणि त्याच्या पोटात गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, भरलेले दिसायचे. वाघीण हे 'वॅगन'चं मराठी रूप आहे, हे पुढं शाळेत कळलं. इंग्रज फोरमन 'वॅगन' म्हणाला, आपल्या माणसाच्या कानाला जवळचा जो शब्द होता तो त्यानं लावला. शब्दाला लिंग मिळालं, अनेकवचन मिळालं, पोट मिळालं. आजही वर्तमानपत्रं '४२ वाघिणींचा रेक' असंच छापतात आणि ते वाचताना कुणाला नवल वाटत नाही.

पण गंमत पुढेच आहे. वॅगन हा इंग्रजांनी डचांकडून घेतलेला शब्द. त्याचं मूळ शोधत मागं गेलं की ज्या धातूशी पोहोचतो तोच आपल्या 'वह्' या संस्कृत धातूचा पूर्वज आहे. वाहन, वाहणं, वहिवाट, प्रवाह, ओझं वाहणारा वाहक, सगळे त्याच घरचे. म्हणजे वॅगन आणि वाहन ही चुलत भावंडं. हजारो वर्षांपूर्वी वेगळी झालेली ती पुन्हा समोरासमोर आली कोल्हापूर-मिरजेच्या रुळांवर, आणि ओळख पटली नाही म्हणून आपण एकीला वाघीण म्हटलं.

कोल्हापूरची रेल्वे मुळातच मालाशी जोडलेली. कोल्हापूर स्टेट रेल्वे १८९१ साली सुरू झाली, मिरजेपर्यंत, मीटर गेजची, म्हणजे लहान मापाच्या रुळांची. संस्थानाच्या मालकीची आणि चालवायला सदर्न मराठा रेल्वे. शाहू महाराजांच्या हाती कारभार आला १८९४ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी स्टेशनालगत शाहूपुरीची व्यापारपेठ वसली. गूळ गुऱ्हाळातून बैलगाडीनं पेठेत, सौदा झाला की पेठेतून हातगाडीनं स्टेशनात, तिथून वाघिणीत. पेठ आणि रूळ यांची एकमेकांवर अशी मांडणी करणारा राजा व्यापार समजणारा होता, हे वेगळं सांगायला नको. कोल्हापूरच्या आधीच एक छोटं स्टेशन आहे, त्याचं नाव आजही 'गूळ मार्केट'. पदार्थाच्या बाजाराचं नाव मिरवणारी स्टेशनं देशात हाताच्या बोटांवर असतील.

मीटर गेजच्या दिवसांत इथून सुटलेली वाघीण मुंबईपर्यंत जाऊ शकत नसे. पुण्याला मोठ्या मापाचे रूळ सुरू होत, तिथं लहान वाघिणीतला माल मोठ्या वाघिणीत भरावा लागे. याला शब्द होता 'ट्रान्शिपमेंट'. पुन्हा समुद्र! या शिपमधून त्या शिपमध्ये. देशावरच्या पुण्यात, दोन आगगाड्यांच्या मधल्या फलाटावर, गुळाचे रवे एका 'जहाजातून' दुसऱ्या 'जहाजात' जात होते. बाबा या शब्दाचा उच्चार 'ट्रान्शिप' असा करायचे आणि तो त्यांच्या तोंडून निघाला की चेहरा कसनुसा व्हायचा, कारण रवा फुटायचा तो तिथंच. ऊन, पाऊस, दोनदा हाताळणी. गूळ पाघळायचा, गोणपाटाला चिकटायचा. १९७१च्या सुमारास मोठ्या मापाचं ब्रॉडगेज कोल्हापुरात आलं आणि हा शब्द शाहूपुरीच्या तोंडातून गेला. मिरजेत तो अजून राहिला. तिथं बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी होती, हुबळीकडची मीटर गेज होती आणि नवी ब्रॉडगेजही. तिन्ही मापांचे रूळ एकाच गावात.

बाबांच्या काळी व्यापारी एक-एक वाघीण नोंदवू शकत असे. पुढं, १९८०च्या दशकापासून, रेल्वेचा कल अख्ख्या रेककडे गेला. सुटी वाघीण जोडत-तोडत, यार्डायार्डात थांबत न्यायची, त्यापेक्षा एका ठिकाणाहून एका ठिकाणी सबंध गाडी नेणं रेल्वेला परवडतं. हिशोबानं ते बरोबर आहे. पण गुळाचा कुठला व्यापारी एका वेळी अख्खी मालगाडी भरणार? गूळ ट्रकवर गेला. पेठेत 'वाघीण' होती ती माणसाच्या आवाक्यातली वस्तू होती. तिची वाट पाहता येत होती, मिळाली नाही तर कुरकुर करता येत होती. 'रेक' हा कारखान्यांचा, कंपन्यांचा, सरकारी खत वाटपाचा शब्द. शाहूपुरीच्या बोलण्यातून वाघीण जाऊन जिल्ह्याच्या बोलण्यात रेक आला, यात आमच्या गावाच्या व्यापाराचा पन्नास वर्षांचा इतिहास आहे, आणि तो मला कुठल्याही अहवालापेक्षा स्पष्ट दिसतो.

माझा चुलतभाऊ खताचा दुकानदार आहे. परवाच्या हंगामात रेक लागला तेव्हा त्याच्याबरोबर मी मालधक्क्यावर गेले. सकाळची वेळ. एका बाजूला तपकिरी वाघिणींची न संपणारी भिंत, दुसऱ्या बाजूला तोंडं फिरवून मागं घेतलेले ट्रक, मधे फळ्या. टोळीचे मुकादम वयानं मोठे, त्यांना सगळे मामा म्हणतात. मीही म्हटलं.

वाघिणीच्या अंगावर किती काय लिहिलेलं असतं! बीसीएन ही तीन अक्षरं म्हणजे तिची जात. बी म्हणजे बोगीवर चालणारी, सी म्हणजे कव्हर्ड, झाकलेली, आणि एन म्हणजे न्यूमॅटिक, हवेच्या ब्रेकची. इथं एक गोष्ट सांगायला हवी. बोगी म्हणजे डबा नव्हे. डब्याखालचा चार चाकांचा जो फिरता सांगाडा, तो बोगी. उत्तर इंग्लंडात बुटक्या ढकलगाडीला हे नाव होतं. आपण ते वर उचलून सबंध डब्याला दिलं, आणि आता 'आमची बोगी एस-४' असं म्हणताना कुणीच चाकांकडे पाहत नाही. शब्द खालून वर चढला, एवढंच.

त्या अक्षरांच्या शेजारी अकरा आकड्यांचा नंबर. पहिले दोन वाघिणीचा प्रकार सांगतात, पुढचे दोन ती कुठल्या रेल्वेची, पाचवा आणि सहावा तिचं जन्मवर्ष. मग चार आकडे तिचे स्वतःचे, आणि शेवटचा एक पडताळ्याचा. माझ्यासमोरच्या वाघिणीच्या नंबरात पाचवा-सहावा आकडा ०९ होता. मी मामांना म्हटलं, "ही २००९ची." ते जवळ आले, बोटानं आकडे मोजले आणि म्हणाले, "म्हंजे आमच्या धाकट्या लेकीच्या वयाची की ओ ताई." मग पुढच्या वाघिणीपाशी जाऊन त्यांनी स्वतःच तिचं वय काढलं. त्यानंतर टोळीतली दोन पोरंही कामातून मधेच मान वळवून आकडे वाचायला लागली.

नंबराखाली 'टेअर' लिहिलेलं असतं, म्हणजे रिकाम्या वाघिणीचं वजन. हा शब्दही अरबी, 'तर्ह'पासून आलेला. टाकून द्यायचं, वजा करायचं ते. इटली-फ्रान्सच्या व्यापाऱ्यांमार्फत इंग्रजीत गेला आणि तिथून परत आपल्याकडे. मामांना मी टेअर म्हणजे काय ते सांगायला लागले तर त्यांनी मला थांबवलं. "बारदान वजा," ते म्हणाले. बाजार समितीत गोणीचं वजन वजा करतात तसं. मला जे सांगायला चार वाक्यं लागली असती ते त्यांनी दोन शब्दांत मिटवलं.

मी त्यांना विचारलं, "मामा, हिला वाघीण का म्हणतात?"

"म्हंजे?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "वाघीण हाय म्हणून वाघीण."

आत डोकावले. एका वाघिणीत ६० टनांहून जास्त माल. युरियाची गोणी आता ४५ किलोची, म्हणजे एका वाघिणीत तेराशेच्या वर गोण्या, आणि ४२ वाघिणींच्या रेकमध्ये पन्नास हजारांहून जास्त. यातली प्रत्येक गोणी माणसाच्या पाठीवरून बाहेर येते. आत दोघं थप्पीवरून गोणी उचलून वाहणाऱ्याच्या पाठीवर देतात, तो फळीवरून चार पावलं टाकून ट्रकमध्ये उतरवतो, तिथं दुसरा ती आडवी-उभी लावून थप्पी बांधतो. थप्पी चुकीची लागली तर घाटात ट्रक कलंडतो, म्हणून थप्पी लावणारा टोळीतला जाणता माणूस असतो. "आत वारा न्हाई बघा," मामा म्हणाले, "अन् खताची धूळ. डोळं झोंबत्यात." पत्र्याचं छप्पर तापायला अजून दोन तास होते आणि आताच आत उभं राहवत नव्हतं. वाघीण या नावातला जो दरारा मला लहानपणी वाटायचा तो त्या दारात उभं राहिल्यावर पुन्हा वाटला.

'थप्पी', 'फळी', 'टोळी', 'तोलाई', 'हमाली', 'वाराई'. ट्रकमधल्या मालाच्या हाताळणीचे पैसे ट्रकवाल्याकडून घेतात ती वाराई, आणि तिच्यावरून आमच्या भागात मोठमोठे वाद झालेले आहेत. हे शब्द रेल्वेच्या कुठल्याच पुस्तकात नाहीत. आणि या शब्दांशिवाय एकही रेक रिकामा होत नाही.

रेक लागला की घड्याळ सुरू होतं. ठरावीक तासांत वाघिणी मोकळ्या करायच्या. उशीर झाला तर दंड. त्याला सगळे 'डॅमरेज' म्हणतात, डॅमेजवरून आल्यासारखं. खरा शब्द डेमरेज, आणि त्यात नुकसान नाही, रेंगाळणं आहे. जुन्या फ्रेंचमधलं 'थांबून राहणं'. बंदरात जहाज ठरल्या मुदतीपेक्षा जास्त अडकवून ठेवलं तर जहाजमालक हा आकार घेई. वाघिणी अडकवल्या तर डेमरेज, आणि वाघिणी मोकळ्या करूनही माल धक्क्यावर पडून राहिला तर 'व्हार्फेज'. व्हार्फ म्हणजे धक्का. शब्दाला शब्द असा जुळतो, की मालधक्का हे नाव ज्यानं कुणी मराठीत रुळवलं त्याला बंदर माहीत होतं याची मला खात्री वाटते. आणि का माहीत नसावं? रेल्वे यायच्या आधी कोल्हापूरचा माल घाट उतरून राजापूरच्या बंदराला जात होता, बैलांच्या पाठीवर. देशावरच्या माणसाला धक्का हा शब्द इंग्रजांकडून शिकायची गरज नव्हती.

मालगाडी रुळांवर आली की तिच्या वाट्याला मुख्यतः थांबणं येतं. कोल्हापूर-मिरज मार्ग एकेरी. समोरून प्रवासी गाडी येणार असेल तर मालगाडीला 'लूपला टाकतात', म्हणजे बाजूच्या रुळावर थांबवून ठेवतात. अमेरिकेतले ड्रायव्हर याच अवस्थेला 'भोकात जाणं' म्हणायचे. रुकडीला किंवा हातकणंगल्याला अशी लूपला टाकलेली मालगाडी मी पुष्कळदा पाहते आणि तिच्या ड्रायव्हरबद्दल मला दरवेळी आदर वाटतो. हजारो टनांचा भार घेऊन निमूट उभं राहणं ही सोपी गोष्ट नाही.

मग सिग्नल पडतो. 'सिग्नल पडला' हे आपण आजही म्हणतो, आता तिथं दिवे असले तरी. पूर्वी खांबावर आडवा हात असायचा आणि वाट मोकळी झाली की तो खाली झुकायचा. पडला म्हणजे निघा. अमेरिकेत सुरुवातीच्या काळात खांबावर एक गोळा दोरीनं वर चढवत. गोळा वर, म्हणजे वाट मोकळी. त्यावरून त्यांच्याकडे 'हायबॉल' हा शब्द भरधाव सुटण्यासाठी रूढ झाला. त्यांची गाडी गोळा चढला की निघते, आपली हात पडला की. दोन्हीकडे तो हात आणि तो गोळा केव्हाच गेले. शब्द राहिले.

पुढं मुंबईच्या वाटेवर भोर घाट. हा मार्ग १८६३ साली खुला झाला, आणि त्याचा कडक चढ ३७ फुटांना एक फूट. कर्जतहून लोणावळ्याला चढणाऱ्या गाडीला मागून इंजिनं लावतात, त्यांना 'बँकर' म्हणतात. पैशांच्या बँकेशी याचा संबंध नाही. इंग्रजी रेल्वेबोलीत बँक म्हणजे चढ.

आणि शेवटी गार्ड. घोडागाडीतून टपाल जायचं तेव्हा तिच्या मागच्या बाजूला बंदूक घेऊन बसणारा राखणदार असे. रेल्वेनं तो माणूस आणि त्याचं नाव दोन्ही घेतलं. हवेचे ब्रेक सबंध गाडीला लागण्याआधी ड्रायव्हरच्या शिट्टीवर गाडीच्या शेवटच्या डब्यातला, ब्रेकव्हॅनमधला, हातब्रेक आवळणं हे त्याचं खरं काम होतं. मालगाडी थांबायची ती दोघांच्या मेळानं. जानेवारी २०२२ मध्ये रेल्वेनं हे पद 'ट्रेन मॅनेजर' केलं. जुन्या शब्दांचा मला लोभ आहे, तरी हा बदल मला योग्य वाटतो. इमारतीच्या दारावर उभा असणारा तोही गार्ड, आणि रात्रभर एकट्यानं सबंध मालगाडीची जबाबदारी घेणारा हाही गार्ड, अशी गल्लत होत होती आणि त्या लोकांनीच वर्षानुवर्षं नवं नाव मागितलं होतं. काम करणाऱ्यानं स्वतःचं नाव स्वतः ठरवावं. मालगाडीच्या सगळ्या भाषेचा रिवाजच तो आहे.

या सगळ्याखाली रूळ आहेत, आणि त्यांचं सांगायचं राहिलं. इंग्रजी 'रेल' हा फ्रेंचमार्गे लॅटिन 'रेगुला'पासून आला. सरळ पट्टी, सरळ काठी. त्याच रेगुलापासून इंग्रजीत 'रूल' आणि 'रूलर' झाले. मराठीनं रेल्वेसाठी जो 'रूळ' घेतला तो या रूलरचा, वहीत रेघा मारायच्या गोल काठीचा. म्हणजे इंग्रजांनी एका वाटेनं जो शब्द घेतला त्याचाच भाऊ आपण दुसऱ्या वाटेनं घेतला, आणि दोघांनी तो त्याच लोखंडाला लावला. त्याहीपलीकडे गेलं तर रेगुलाच्या मुळाशी जे आहे तेच संस्कृत 'ऋजु'च्या मुळाशी आहे. ऋजु म्हणजे सरळ.

मी मामांना जाता जाता वैभववाडीच्या मार्गाबद्दल विचारलं. कोल्हापूर ते वैभववाडी, सुमारे १०७ किलोमीटर, २०१६च्या रेल्वे अर्थसंकल्पात आलेला आणि अजून प्रत्यक्षात यायचा असलेला. तो झाला तर कोल्हापूर कोकण रेल्वेला आणि तिथल्या बंदरांना थेट जोडलं जाईल. बैलांनी जी वाट चालवली होती ती रुळांची होईल. मला त्याचं फार अप्रूप आहे आणि ते माझ्या बोलण्यात दिसलं असावं.

मामा धंद्याचं बोलले. "तिकडनं काय येणार? कोळसा?"

"कोळसाही येईल."

"मग आमाला काय काम? कोळसा मशीन उतरवतंय."

ते खरं होतं. उघड्या वाघिणीतला कोळसा उतरवायला टिपलर असतो. वाघीण त्यात धरतात आणि सगळीच्या सगळी उलटी करतात. मी त्यांना ते सांगितलं. त्यांनी ते कधी पाहिलेलं नव्हतं. समोरच्या वाघिणीकडे पाहत ते काही वेळ अंदाज घेत राहिले.

"पर ती म्होरच्या-मागच्या वाघिणीला जोडलेली आसती की," ते म्हणाले. "उलटी करायच्या आधी सोडवावी लागंल. ती सोडवायला कोण जातंय आत?"